विज्ञान दिनाला खरे थेरेमिन वाजू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी आला की शाळा-महाविद्यालयांत राष्ट्रीय विज्ञान दिनाची तयारी सुरू होते. २८ फेब्रुवारी १९२८ च्या रामन परिणामाची ती आठवण. नेमक्या त्याच दिवशी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने लेव्ह थेरेमिन या रशियन भौतिकशास्त्रज्ञाला, हात न लावता वाजणाऱ्या त्यांच्या वाद्याचे, म्हणजे थेरेमिनचे, पेटंट दिले. रामन स्वतः वाद्यांचे जाणकार होते. मृदंग-तबल्याच्या शाईमुळे त्यांचे उपस्वर सुसंवादी कसे होतात, यावर त्यांनी १९२० मध्ये लिहिले होते. तेव्हा विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात थेरेमिन ठेवावेसे वाटणे अगदी योग्य आहे. प्रश्न आहे तो त्या नावाखाली काय ठेवले जाते याचा.

हल्ली बहुतेक ठिकाणी ‘थेरेमिन’ म्हणून आर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड आणि एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर जोडलेला दिसतो. हा सेन्सर ४० किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरी सोडतो, हातावरून परतलेला प्रतिध्वनी मोजतो आणि त्या अंतरावरून बोर्ड स्पीकरला स्वर देतो. अंतर मोजण्याचा प्रयोग म्हणून तो उत्तम आहे, पण थेरेमिनशी त्याचा संबंध नाही. दोन मोजण्यांमध्ये साधारण ६० मिलिसेकंद ठेवावे लागतात, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मोजण्या. सेकंदाला पाच-सहा वेळा डुलणारे आंदोलन घ्यायचे म्हटले तर प्रत्येक हेलकाव्याच्या वाट्याला तीनच बिंदू येतात. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, जिन्याच्या पायऱ्यांसारखी ऐकू येते. शिवाय ज्या तत्त्वावर खरे थेरेमिन उभे आहे ते हाताचे कपॅसिटन्स (विजेचा भार साठवण्याची क्षमता) मुलांना दिसतच नाही. बारावीच्या भौतिकशास्त्रात कपॅसिटरही आहे आणि लॉजिक गेटही. या दोनच गोष्टींतून खरे थेरेमिन उभे राहते आणि त्यासाठी एक ओळही प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. शिक्षकांना आणि मुलांना उपयोग व्हावा म्हणून त्याची बांधणी इथे सविस्तर देत आहे.

आधी तत्त्व. माणसाचे शरीर विजेच्या दृष्टीने जमिनीला जोडलेल्या धातूच्या पत्र्यासारखे वागते. उभ्या दांडीजवळ हात नेला की दांडी आणि हात मिळून एक अगदी छोटा कपॅसिटर तयार होतो. हात एक फुटावर असताना हा बदल पिकोफॅरडच्या (कपॅसिटन्सच्या अगदी छोट्या एककाच्या) दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. एवढ्याशा बदलाने ऐकू येणारा स्वर थेट हलवता येत नाही. म्हणून दांडी सुमारे ३०० किलोहर्ट्झवर चालणाऱ्या एका ऑसिलेटरला (ठरावीक कंप्रतेची विद्युतलहर तयार करणाऱ्या सर्किटला) जोडायची आणि शेजारी तेवढ्याच कंप्रतेचा, पण दांडी नसलेला दुसरा ऑसिलेटर चालवायचा. दोन्ही एकत्र केले की त्यांतला फरक ऐकू येतो. दोन तानपुरे किंचित वेगळे लागल्यावर जे विस्पंद ऐकू येतात, तेच इथे कानाच्या पल्ल्याबाहेरच्या दोन कंप्रतांमध्ये होतात. खाली दिलेल्या मूल्यांनी एक पिकोफॅरड वाढला की साधारण दोन हजार हर्ट्झचा फरक पडतो. काळी एकचा मध्य षड्ज २७७ हर्ट्झ आणि तार षड्ज ५५४. म्हणजे अख्खे सप्तक हाताच्या ०.१४ पिकोफॅरडमध्ये बसते. पुढच्या सगळ्या अडचणी या एका आकड्यातून निघतात. सर्किटमधली कोणतीही तार, ओलावा किंवा ढिला सांधा तेवढाच बदल घडवत असेल, तर वाद्य तो बदलही इमानदारीने वाजवणार.

सामान असे लागते: सीडी४०९३ या लॉजिक गेटच्या दोन आयसी (चिप), सीडी४०७० ही एक, एलएम३८६ हा अॅम्प्लिफायर आणि ७८एल०५ हा पाच व्होल्टचा रेग्युलेटर. मेटल फिल्मचे एक टक्कावाले रेझिस्टर, १०० पिकोफॅरडचे दोन एनपीओ सिरॅमिक कपॅसिटर, २० किलो-ओमचा मल्टिटर्न प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने अनेक वेढे फिरवायचा बदलता रेझिस्टर), ५०० ओमचा लिनिअर पॉट (नॉबचा बदलता रेझिस्टर), १० किलो-ओमचा लॉग पॉट, आठ ओमचा छोटा स्पीकर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि झिरो पीसीबी (भाग सोल्डर करायची भोकांची कोरी पाटी). मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सगळे सहज मिळते. ४०९३ आणि ४०७० दोन आकडी रुपयांत येतात.

खरेदी करताना एका गोष्टीवर मात्र हट्ट धरा. ते दोन १०० पिकोफॅरडचे कपॅसिटर एनपीओ, म्हणजेच सीझिरोजी या तापमानाने जवळजवळ न बदलणाऱ्या जातीचेच हवेत. डिस्क प्रकारात त्यांच्या डोक्यावर बहुधा काळा ठिपका असतो. तपकिरी रंगाच्या साध्या डिस्कवरही १०१ हाच आकडा असू शकतो, पण तापमानाबरोबर तिचे मूल्य भरकटते. सुमारे ३०० किलोहर्ट्झवर दर अंशाला दशलक्षात शंभर भागांचा बदल म्हणजे जवळपास तीस हर्ट्झ. दोनशे हर्ट्झच्या स्वरात तेवढा फरक पडला तर स्वर दोन श्रुती नव्हे, दोन अर्धस्वरांहून अधिक सरकतो. दोन्ही ऑसिलेटरना एकाच पाकिटातले कपॅसिटर आणि एकाच कंपनीच्या आयसी वापरल्या तर दोन्ही एकाच दिशेने सरकतात आणि फरक बराचसा जागेवर राहतो.

४०९३ मध्ये श्मिट ट्रिगर प्रकारची, म्हणजे इनपुट चढताना आणि उतरताना वेगवेगळ्या व्होल्ट-पातळीवर पालटणारी, चार नॅन्ड गेट असतात. पिन १४ ला प्लस, पिन ७ ला ग्राउंड. पहिल्या आयसीतला स्थिर ऑसिलेटर असा जोडा: पिन २ प्लसला, पिन १ वरून १०० पिकोफॅरड ग्राउंडला, आणि आउटपुट पिन ३ पासून पिन १ पर्यंत रेझिस्टरची साखळी. साखळीचा क्रम महत्त्वाचा आहे. पिन ३ ला आधी ५०० ओमचा पॉट, मग २० किलो-ओमचा प्रीसेट, आणि शेवटी पिन १ ला चिकटून २७ किलो-ओमचा रेझिस्टर. क्रम उलटला तर पॉट नाजूक टोकाला येतो आणि नॉबला हात लावताच सूर बदलतो. पॉटची धातूची पाठ ग्राउंडला जोडा.

दुसऱ्या आयसीतही अशीच जोडणी, फक्त साखळीऐवजी एकच ३३ किलो-ओमचा रेझिस्टर आणि पिन १ वर दांडीची तार. पिन १ आणि २ एकत्र बांधायची सवय अनेकांना असते. इथे ती टाळावी. तशाने इनपुटचे स्वतःचे कपॅसिटन्स दुप्पट होते आणि हाताचा वाटा तेवढा कमी पडतो.

दोन्ही आयसींत दुसरे गेट बफर म्हणून (ऑसिलेटरवर भार न टाकता सिग्नल पुढे द्यायला) वापरा: पिन ५ आणि ६ एकत्र करून पिन ३ ला, आणि सिग्नल पिन ४ वरून घ्या. उरलेली इनपुट, म्हणजे पिन ८, ९, १२, १३, ग्राउंडला जोडलीच पाहिजेत. अशा सीमॉस जातीच्या आयसीचे मोकळे सोडलेले इनपुट स्वतःच थरथरते, करंट खाते आणि शेजारच्या गेटला बिघडवते. पिन १० आणि ११ ही आउटपुट आहेत. ती मोकळीच राहू द्या.

दोन्ही पिन ४ एकेका १ किलो-ओममधून ४०७० च्या पिन १ आणि २ ला जातात, आउटपुट पिन ३ वर मिळते. याही आयसीची ५, ६, ८, ९, १२, १३ ही इनपुट ग्राउंडला. ४०७० मधले एक्सॉर गेट (दोन इनपुट वेगळी असतील तेव्हाच आउटपुट देणारे) इथे मिक्सरचे काम करते. दोन चौकोनी लहरींची कला (फेज) जसजशी सरकते तसतशी त्याच्या आउटपुटची सरासरी शून्यापासून पाच व्होल्टपर्यंत चढते-उतरते आणि गाळणीनंतर त्रिकोणी लहर मिळते. मिक्सिंगला नॅन्ड गेट वापरले तरी चालते, पण लहर निम्म्या उंचीची येते. त्रिकोणी लहरीचा नाद बासरीच्या बाजूला झुकणारा, मऊ असतो. चौकोनी लहरीच्या बझरसारखा कर्कश नाही.

गाळणीसाठी पिन ३ नंतर १० किलो-ओम आणि तिथून ग्राउंडला १० नॅनोफॅरड. पुढे १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, १०० किलो-ओमचा रेझिस्टर आणि मग आवाजाचा १० किलो-ओमचा लॉग पॉट. मधला १०० किलो-ओम वगळू नका. एलएम३८६ च्या इनपुटला पाच व्होल्टची लहर थेट दिली तर आवाज फाटतो. पॉटचा मधला पाय एलएम३८६ च्या पिन ३ ला, पिन २ आणि ४ ग्राउंडला, पिन ६ थेट नऊ व्होल्टला. पिन ५ वरून २२० मायक्रोफॅरडमधून स्पीकर. आणि पिन ५ पासूनच ग्राउंडला १० ओम व ४७ नॅनोफॅरड एकामागोमाग. पिन १ आणि ८ मोकळ्या ठेवा, वीसपट वर्धन पुरे आहे.

वीजपुरवठ्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि निम्मे बिघाड तिथेच असतात. तिन्ही सीमॉस आयसींना पाच व्होल्ट ७८एल०५ मधून द्या, पण एकाच तारेने नव्हे. प्रत्येक आयसीला स्वतंत्र १०० ओम, आणि पिन १४ व ७ च्या अगदी अंगाशी १० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरड. ७८एल०५ चे पाय नेहमीच्या मोठ्या ७८०५ च्या उलट असतात: सपाट बाजू समोर धरली की डावीकडे आउटपुट, मधे ग्राउंड, उजवीकडे इनपुट. बॅटरीवर ४७० मायक्रोफॅरड ठेवा. तरीही मोठ्या आवाजात गुरगुर आली तर एलएम३८६ ला वेगळी बॅटरी द्यावी. ग्राउंड सामायिकच राहील.

आता या बांधणीतला मुख्य शत्रू. दोन ऑसिलेटर एकमेकांच्या फार जवळ आले की ते एकमेकांना ओढून घेतात आणि एकाच कंप्रतेला कुलूपबंद होतात. ऐकायला ते असे: हात जवळ आणताना बराच वेळ शांतता, मग एकदम दीडशे-दोनशे हर्ट्झवर उडी. खालचे स्वर मिळतच नाहीत. एकाच ४०९३ मध्ये दोन्ही ऑसिलेटर बसवण्याचे सोपे सर्किट खूप प्रचारात आहे, पण त्यात हे जवळजवळ हमखास होते, कारण दोन्ही गेट एकाच सिलिकॉनवर, एकाच पुरवठ्यावर असतात. वेगळ्या आयसी, वेगळे १०० ओम आणि बफर हा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. दोन ऑसिलेटरमध्ये सात-आठ सेंटिमीटर अंतर ठेवा, ग्राउंडच्या तारा आखूड व जाड ठेवा. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर) चाचणी करायला हरकत नाही, पण त्याच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांमध्येच काही पिकोफॅरड दडलेले असतात. पक्के वाद्य झिरो पीसीबीवर, सोल्डर करूनच बनवावे. सोल्डरिंगनंतर फ्लक्स (सोल्डरबरोबरचा चिकट राळेसारखा थर) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, उरलेला फ्लक्स ओलावा धरतो आणि सूर सकाळी एक, दुपारी दुसरा लागतो.

दांडी म्हणून जुन्या रेडिओची ४० सेंटिमीटरची टेलिस्कोपिक एरियल किंवा तेवढीच अॅल्युमिनियमची नळी घ्या. ती पीव्हीसीच्या तुकड्यात घट्ट बसवा, लाकडात थेट नको. डुगडुगली तर सूरही डुगडुगतो. दांडीपासून पिन १ पर्यंतची तार पाच-सहा सेंटिमीटरच्या आत, साधी, एकेरी हवी. व्यवस्थितपणा म्हणून शिल्डेड (धातूच्या जाळीने वेढलेली) वायर वापरण्याचा मोह टाळा. त्या वायरचे कपॅसिटन्स मीटरला शंभर पिकोफॅरडच्या घरात असते, म्हणजे दहा सेंटिमीटरमध्येच दांडीइतकी भर पडते. दांडीवर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी प्लॅस्टिकची) नळी चढवली तर कोणी स्पर्श केला तरी ऑसिलेटर बंद पडत नाही आणि अंगावरच्या स्थिर विजेपासून आयसीचाही बचाव होतो.

बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या खोक्याला स्वतःची जमीन नसते. हाताचा छोटा कपॅसिटर पूर्ण व्हायला सर्किटच्या ग्राउंडपासून जमिनीपर्यंत परतीचा रस्ता लागतो. तो नसेल तर पल्ला कमी पडतो आणि खोक्याला हात लावताच सूर उडी मारतो. उपाय सोपा आहे: खोक्याच्या तळाला ए-फोर कागदाएवढा पत्रा किंवा अॅल्युमिनियम फॉइल लावून ते ग्राउंडला जोडा. पत्रा दांडीच्या भोवती नको, खालीच हवा. मुलांना एक गोष्ट ठामपणे बजावली पाहिजे: भिंतीतल्या प्लगच्या कोणत्याही भोकात, अर्थिंगच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्यासुद्धा, तार घालायची नाही. मोबाइलच्या चार्जरवरही हे वाद्य चालवू नये. चार्जरमधून झिरपणारा किंचित करंट ग्राउंडला मेन्सबरोबर डोलवतो आणि ५० हर्ट्झची घरघर सुरात मिसळते.

चाचणीचा क्रम पाळला तर शोधाशोध वाचते. आधी आयसी सॉकेटमध्ये न बसवता पिन १४ वर पाच व्होल्ट आहेत का पाहा. मग आयसी बसवून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून दोन्ही बफरच्या पिन ४ मोजा. ऑसिलेटर चालू असेल तर सुमारे अडीच व्होल्ट दिसतात. शून्य किंवा पाच दिसले तर तो थांबलेला आहे, बहुधा पिन १ कडचा सांधा सुटला आहे. ऑसिलोस्कोप नसेल तर घरातला जुना मीडियम वेव्ह ट्रान्झिस्टर उपयोगी पडतो. चौकोनी लहरीत तिप्पट कंप्रता भरपूर असते. रेडिओ शेजारी ठेवून साडेआठशे-नऊशे किलोहर्ट्झच्या आसपास काटा फिरवा. जिथे खरखर अचानक दबते तिथे तुमचा ऑसिलेटर आहे. ४०९३ च्या श्मिट पातळ्या कंपनीगणिक बऱ्याच वेगळ्या असतात, त्यामुळे जागा मागेपुढे होईल. दांडीजवळ हात नेल्यावर ती दबलेली जागा सरकली, तर तो दांडीचा ऑसिलेटर. आता दुसऱ्याचा प्रीसेट फिरवत त्यालाही काट्याच्या त्याच जागेवर आणा. जवळ येताच रेडिओतच शिट्टी ऐकू येईल.

यानंतर रेडिओ बाजूला ठेवून वाद्याचाच स्पीकर ऐका. वाजवणारा जिथे उभा राहणार तिथेच उभे राहून, हात खाली सोडून, प्रीसेटने शिट्टी खाली खाली आणत शांततेपर्यंत न्या. प्रीसेट प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवा, लोखंडी पाते स्वतःच सूर ओढते. बारीक जुळवणी ५०० ओमच्या पॉटने. त्याचा पूर्ण फेरा साधारण चार किलोहर्ट्झचा आहे. हात जवळ नेल्यावर दांडीच्या ऑसिलेटरची कंप्रता कमी होते. म्हणून शांततेच्या क्षणी तो दुसऱ्याच्या बरोबरीला किंवा किंचित खाली हवा. तो वर राहिला तर हात जवळ येताना सूर आधी उतरतो, नाहीसा होतो आणि मग चढतो. अशी उलटी चाल दिसली तर पॉट शांततेच्या दुसऱ्या बाजूला न्या. अधूनमधून एखादी क्षीण शिट्टी भलत्याच जागी सापडते. ती वरच्या उपकंप्रतांची असते. खरी शिट्टी सर्वांत मोठी आणि दोन्ही बाजूंना सारखी चढणारी असते.

अॅम्प्लिफायरबद्दल एक इशारा. पीएएम८४०३ चा छोटा बोर्ड स्वस्त आणि लोकप्रिय आहे, पण तो आतून २६० किलोहर्ट्झच्या आसपास स्विच होतो. आपले ऑसिलेटर तिथून फार दूर नाहीत, त्यामुळे नसत्या शिट्ट्या वाढतात. ब्लूटूथ स्पीकरही नको. आवाज पोहोचायला लागणाऱ्या विलंबामुळे हात आणि कान यांची सांगड तुटते, आणि थेरेमिनमध्ये कानाशिवाय दुसरा पडदा नाही.

वाजवण्याविषयी थोडे. दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून मगच जुळवा. पंखा बंद ठेवा, त्याच्या वाऱ्याने दांडी हलते आणि भाग थंड होतात. तानपुरा ॲपवर काळी एक लावून आधी फक्त षड्ज पकडायचा सराव करावा. हात जवळ येईल तसे स्वर दाटीवाटीने बसतात. शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये सप्तकच आवळले जाते. कॉइल वापरणाऱ्या वाद्यांत दांडीशी जोडलेल्या वेगळ्या कॉइलने ही दाटी सैल करतात. आपल्या सर्किटमध्ये ती सोय नाही, म्हणून दांडीपासून वीत-दीड वीत दूरच वाजवावे. मींड इथे आपोआप येते, आंदोलन मनगटाने सुरेख घेता येते. खटका, मुरकी मात्र अवघड, कारण स्वर तोडायला काही साधन नाही. मूळ वाद्यात आवाजासाठी दुसरी, आडवी कडी असते. इथे तिची जागा डाव्या हातातल्या पॉटने घेतली आहे. दोन स्वरांमधली घसट झाकायची असेल तर त्या क्षणी तो खाली आणावा. संथ आलाप निवडलात तर वाद्य न्याय देईल.

प्रदर्शनांच्या परीक्षकांना एक सुचवावेसे वाटते. थेरेमिन समोर आले की विद्यार्थ्यासमोरच प्रीसेट दोन वेढे फिरवून टाका आणि त्याला पुन्हा शांततेपर्यंत जुळवायला सांगा. मग तळाच्या पत्र्याची तार सोडून, सूर का बदलला ते विचारा. आयसीची पिन ८ कुठे जोडली आहे आणि का, हेही विचारा. ज्याने स्वतः जोडले आहे त्याला याची उत्तरे पाच मिनिटांत देता येतील, आणि गुण त्यावर ठरावेत.

आपला,
एक वाचक, पुणे